दाट ग्रीक ड्रेसिंग: सगळा खेळ पाण्याचा

ग्रीसमधल्या खानावळीत होरिआतिकी, म्हणजे तिथलं गावरान सॅलड मागवलं, की टोमॅटो, काकडी, कांदा, ढोबळी मिरची आणि ऑलिव्ह येतात. वर फेटा चीजची एक जाड वडी, ऑलिव्ह तेलाची धार आणि चुरडलेला ओरेगॅनो. एवढंच. आपल्याकडच्या कॅफेंत ‘ग्रीक सॅलड’वर जे पांढरं, दाट ड्रेसिंग दिसतं, ते मुख्यतः ग्रीसबाहेर रूढ झालं. पण त्याचा माल अस्सल ग्रीक आहे: गाळलेलं दही, ऑलिव्ह तेल, लिंबू, लसूण. काकडी-दह्याच्या त्झात्झिकीचं हे सख्खं भावंड म्हणायला हरकत नाही.

घरी केलेलं हे ड्रेसिंग बहुतेकदा एकाच गोष्टीने फसतं. वाडग्यात घट्ट दिसतं आणि सॅलडवर घातलं की दहा मिनिटांत तळाशी पाणी साचतं. मग लोक मेयोनीज घालतात, नाहीतर कॉर्नफ्लोअर. दोन्हींची काही गरज नाही. दाटपणा येतो तो दह्यातली प्रथिनं पाण्याला कसं धरून ठेवतात त्यावरून, आणि ही धरपकड नीट समजून घेतली तर ड्रेसिंग पहिल्याच खेपेला जमतं.

दुधातली सुमारे 80 टक्के प्रथिनं केसीन या प्रकारची असतात. त्यांचे अतिसूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात आणि त्यांच्यावरच्या ऋण विद्युतभारामुळे एकमेकांपासून लांब राहतात. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त; दुधाचा तो असतो 6.7 च्या आसपास. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, पीएच उतरत जातो आणि 4.6 च्या जवळ आला की हा विद्युतभार जवळपास नाहीसा होतो. गोळे एकमेकांना चिकटतात, त्यांचं सलग जाळं तयार होतं आणि त्या जाळ्याच्या पोकळ्यांत सगळं पाणी अडकतं. हेच दही. दूध आधी चांगलं उकळलेलं असेल तर चक्क्याच्या पाण्यात एरवी निघून जाणारी काही प्रथिनंही उलगडून केसीनला जोडली जातात, जाळं बळकट होतं आणि दही कमी पाणी सोडतं. दूध तापवूनच विरजायचं ही आपल्या घरांतली रीत इथे फार उपयोगी पडते.

ग्रीक दही म्हणजे या जाळ्यातलं बरंचसं पाणी निथळून काढलेलं दही. श्रीखंडासाठी पंचात बांधून टांगतो तो चक्का आणि हे, दोन्हींमागची क्रिया एकच. फरक निथळण्याच्या वेळेचा. श्रीखंडाला रात्रभर टांगून कोरडा चक्का लागतो. ड्रेसिंगला तीन-चार तास पुरतात, तेही फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवून, म्हणजे दही जास्त आंबत नाही. ग्रीसमध्ये पूर्वापार मेंढीचं दूध वापरात आहे. त्यात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश आणि प्रथिनं दोन्ही जास्त असतात, म्हणून तिथलं दही मुळातच घट्ट. आपल्याकडे त्याच्या जवळ जातं ते म्हशीचं दूध. या कामाला तेच घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

आता तेल. तेल आणि लिंबाचा रस कितीही घुसळा, थोड्या वेळाने वेगळे होतातच. तेलाच्या थेंबांभोवती कुणीतरी उभं राहून त्यांना एकमेकांत मिसळण्यापासून अडवायला लागतं. मेयोनीजमध्ये हे काम अंड्याचा बलक करतो. इथे केसीन करतं. केसीनचा काही भाग तेलाकडे झुकतो, काही पाण्याकडे, त्यामुळे ते थेंबाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं. काम किती मोठं आहे याचा हिशेब करून बघा. तीन टेबलस्पून म्हणजे 45 मिलिलिटर तेल. त्याचे 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या व्यासाचे थेंब झाले असं धरलं, तर सगळ्या थेंबांचं मिळून पृष्ठफळ भरतं सुमारे 27 चौरस मीटर, म्हणजे जवळपास 290 चौरस फूट. एका लहानशा वन-आरके घराच्या फरशीएवढा पृष्ठभाग वाटीभर चक्क्यातल्या प्रथिनांनी झाकायचा असतो! म्हणून तेल एकदम ओतायचं नाही. आधी चमचाभर घालून पूर्ण जिरवायचं, मग बारीक धारेने पुढचं. थेंब सुटे झाले की प्रकाश त्यांच्यावरून विखुरतो आणि मिश्रण आणखी पांढरं, तुकतुकीत दिसू लागतं. तेल नीट एकजीव होतंय याची तीच खूण.

लिंबाने दही फाटेल ही भीती मात्र सोडून द्या. ताज्या दुधात लिंबू पिळलं की ते फाटतं, कारण प्रथिनं अचानक गोळा होतात. दह्यात ती आधीच, सावकाश, आम्लातच जुळलेली असतात.

घोटण्यासाठी मिक्सर वापरू नये. जोरात फिरणाऱ्या पात्यांनी प्रथिनांचं जाळं तुटतं आणि मघाचा घट्ट चक्का ताकासारखा पातळ होतो. हाताने फिरवायचं व्हिस्क किंवा साधा काटा-चमचा पुरे. थोडं पातळ झालंच, तर अर्धा-एक तास फ्रिजमध्ये ठेवा. जाळं काही प्रमाणात पुन्हा जुळतं.

लसणाची गोष्ट तर फार सुंदर आहे. अख्ख्या पाकळीला जवळजवळ वास नसतो. तिच्या पेशींत ॲलिइन हा पदार्थ एका कप्प्यात आणि ॲलिनेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असतं. ठेचलं की कप्पे फुटतात, दोघं भेटतात आणि काही सेकंदांत झणझणीत ॲलिसिन तयार होतं. पण तीव्र आम्लात हे विकर निकामी होतं, आणि लिंबाच्या रसाचा पीएच असतो 2 ते 2.5. त्यामुळे पाकळी थेट लिंबाच्या रसातच किसली, तर लसणाचा स्वाद उतरतो आणि जिभेला झोंबणारा तिखटपणा बराच कमी राहतो. आधी ठेचून मग लिंबू पिळलं तर उपयोग नाही, ॲलिसिन तोवर झालेलं असतं.

ओरेगॅनोचा मुख्य गंध कार्व्हाक्रोलचा. आपल्या ओव्यातलं थायमॉल आणि हे कार्व्हाक्रोल, दोन्हींत अणू अगदी तेवढेच, फक्त एक गट वेगळ्या जागी बसलेला. दोन्ही तेलात छान विरघळतात. म्हणून वाळका ओरेगॅनो तळहातावर चुरडून आधी दहा मिनिटं तेलात भिजवावा.

प्रमाण असं: 200 ग्रॅम चक्का, 3 टेबलस्पून ऑलिव्ह तेल, दीड टेबलस्पून लिंबाचा रस, लसणाची एक लहान पाकळी, अर्धा चमचा ओरेगॅनो, 40 ग्रॅम कुस्करलेलं फेटा आणि मिरपूड. मीठ चव बघूनच, कारण फेटा मिठाच्या पाण्यात मुरवलेलं असतं.

आणि ते तळाशी साचणारं पाणी? ते बहुतेक ड्रेसिंगचं नसतंच. काकडीत सुमारे 95 टक्के पाणी असतं आणि बाहेर मीठ लागलं की परासरणाने ते पेशींतून ओढलं जातं. कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालतात ते याचसाठी. ग्रीक लोक त्झात्झिकीच्या काकडीला आधीच मीठ लावून, पिळून घेतात. सॅलडच्या फोडींनाही पंधरा मिनिटं मीठ लावून निथळू द्या, फडक्याने टिपा आणि ड्रेसिंग अगदी वाढताना घाला.

उरलेलं ड्रेसिंग झाकून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगलं राहतं. मात्र पुढच्या वेळची तयारी म्हणून कच्चा लसूण नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, आम्लही नसतं, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष बनवणाऱ्या जिवाणूला नेमकं तेच मानवतं. लसूण दर वेळी ताजा किसा.