फियाटला डिस्क ब्रेक बसवायचेत? पाना नंतर उचला, आधी आरसी बाहेर काढा

जुनी फियाट, अँबेसेडर नाहीतर विलीज जीप दारात असली की डिस्क ब्रेकचं खूळ कधी ना कधी डोक्यात शिरतंच, आणि त्यात चूक काहीच नाही. चारही चाकांना ड्रम असलेली गाडी बोरघाट उतरून बघा, खाली येईपर्यंत पॅडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही. पावसात पाणी शिरलं की एका चाकाचा ब्रेक आधी धरतो नि स्टिअरिंग ओढतं. पुढच्या दोन चाकांना डिस्क लावली की हा त्रास बराचसा जातो.

घोळ होतो तो कागदावर. गॅरेजवाला काम उरकतो, मालक खूश, मग री-पासिंग, म्हणजे नोंदणी वाढवायची तपासणी, येतं, इन्स्पेक्टर चाकाच्या फटीतून आत बघतो नि विचारतो "हे कधी केलं, परवानगी कुठंय", आणि मालकाच्या हातात काय असतं तर गॅरेजच्या कार्डामागे पेनाने लिहिलेला आकडा. अर्ज परत. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी कायदा, कारण एजंट लोक यातलं अर्धंच सांगतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल गाडीत करायचा नाही. आता तुमची आरसी उघडून बघा. चेसिस नंबर, इंजिन नंबर, सीसी, इंधन, बॉडीचा प्रकार, सीट, वजन, रंग, हे सगळं आहे. ब्रेक कुठेच नाही. यावरून अर्धे लोक ठरवतात की मग परवानगी कशाला हवी. थांबा. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं आणि त्याच्या पोटकलम ४ मध्ये मालकाने नियमात न बसणारा बदल केला, त्यात बाहेरचे पार्ट बसवणंही आलं, तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं लिहिलंय. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टाचाही निकाल आला, कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी दूर नेता येणार नाही असा, आणि तेव्हापासून आरटीओवाले "ऑल्टरेशन" शब्द ऐकला तरी अंग चोरतात. दुसरीकडे कलम ५२ च्याच स्पष्टीकरणात ऑल्टरेशन म्हणजे गाडीच्या रचनेत केलेला, तिचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा बदल, असं आहे. ड्रमच्या जागी बोल्टने बसणारी डिस्क हे त्यात येतं का? एक साहेब हो म्हणतात, शेजारच्या टेबलावरचे नाही. तुमचं काम या दोन टेबलांच्या मधे अडकतं, हे आधीच धरून चाला.

त्यामुळे उपाय एकच, काम करायच्या आधी साधा लेखी अर्ज. पोर्टलवर ब्रेकसाठी वेगळा रकाना शोधत बसू नका. गाडी जिथे नोंदलेली आहे त्या आरटीओला साध्या कागदावर लिहायचं की अमुक नंबरच्या गाडीला पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक बसवायचेत, मागचे ड्रम नि हँडब्रेक तसेच ठेवणार, चेसिस, बॉडी, इंजिन यांना हात लावणार नाही, तरी परवानगी द्यावी किंवा परवानगी लागत नाही असं कळवावं. हे शेवटचं वाक्य विसरू नका. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का नि तारीख घ्या. खिडकीवरचा माणूस म्हणेल "याची गरज नाही हो", तुम्ही हसून म्हणा "मग तेच लिहून द्या साहेब", तो लिहून देणार नाही, पण शिक्का मारेल. पुढे इन्स्पेक्टरने विचारलं तर हा शिक्काच तुमच्या बाजूने बोलतो.

आता १४ दिवसांची भानगड. कलम ५२ मध्येच आहे की मंजुरीशिवाय बदल झाला असेल तर झाल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवा आणि नोंदीसाठी आरसी नि फी द्या. लोक याचा अर्थ लावतात "आधी करा, १४ दिवसांत सांगितलं की नियमित". तसं नाही. ती कळवायची मुदत आहे, मंजुरी मिळेल अशी हमी नाही. आणि दिवस मोजायचे काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून, बिल मिळाल्यापासून नाही. गॅरेजवाला बिल महिन्याने देतो, तेव्हा मुदत कधीच उलटलेली असते. म्हणून बिलावर काम पूर्ण झाल्याची तारीख वेगळी लिहून घ्या.

अर्ज कोणी करायचा? आरसीवर नाव असलेल्या माणसाने. इथेच निम्मे लोक बाद होतात, कारण गाडी आजोबांच्या नावावर आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली. "वारस मीच आहे" हे तोंडी चालत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करायची असते, कायद्याने मुदत तीन महिन्यांची, ती कोणी पाळत नाही, मग विलंबाचा हिशोब, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, बाकी भावंडांची संमती. काकांनी सही दिली नाही तर ब्रेकचं नंतर बघा, आधी काकांचं बघा.

दुसरी अडचण म्हणजे जुनं आरसी बुक. कापडी पुठ्ठ्याचं, शाईचं अक्षर, आणि गाडी ऑनलाइन दिसतच नाही. त्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात, ती आरटीओतच होते, मूळ पुस्तक दाखवून, कार्यालयाच्या रजिस्टरशी पडताळून. इंजिन कधीतरी बदललेलं असेल नि पुस्तकात नोंद नसेल तर ते इथे उघडं पडतं, आणि मग ब्रेक राहिला बाजूला, इंजिनाचं प्रकरण सुरू. त्यामुळे घरीच चेसिस नि इंजिन नंबर घासून पुसून पेन्सिलचा छाप घ्या आणि पुस्तकाशी एकेक आकडा जुळवा.

तिसरा कागद, जो कोणाकडेच नसतो, तो म्हणजे किटचं मंजुरीपत्र. पुण्यातली एआरएआय, सीआयआरटी किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई या संस्था कंपन्यांच्या गाड्या नि किट तपासून मंजुरी देतात. पद्मिनीच्या, म्हणजे नंतरच्या फियाटच्या, डिस्क किटला असं पत्र असलेलं मी तरी बघितलं नाही. बहुतेक जण मारुती ८०० चे पार्ट नाहीतर नंतरच्या अँबेसेडरचा पुढचा सेट जमवतात. तेव्हा विकणारा "अप्रूव्हड आहे" म्हणाला तर कागद मागा, आणि नसेल तर अर्जात तो शब्द घालूच नका, खोटं लिहिलेलं नंतर जास्त महागात पडतं. पार्टचं बिल मात्र हवंच. जी गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनली तिचे पार्ट आज कुर्ल्याच्याच भंगार बाजारात शोधावे लागतात, तो भाग वेगळा, पण तिथे बिल मिळणं कठीण आणि कोणाच्या गाडीचा पार्ट आहे ते देवालाच ठाऊक. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातून घेतला तर बिल मिळतं. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी), पॅड नवेच घ्या, ब्रेकमध्ये भंगार नको.

गॅरेजच्या पत्रात काय हवं तेही सांगतो, कारण "ब्रेक काम केले" एवढंच लिहून देतात. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, कुठले पार्ट कुठल्या मॉडेलचे, ब्रॅकेट बोल्टने बसवलंय की वेल्डिंगने, चेसिस कापलेली नाही, मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) कोणता, हँडब्रेक चालू आहे, तारीख, सही, शिक्का, जीएसटी नंबर असेल तर तो. फोटो आधीचे नि नंतरचे, नंबर प्लेट दिसेल असे.

आता विंटेजवाले. जुलै २०२१ मध्ये केंद्राचे विंटेज नोंदणीचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली खाजगी चारचाकी किंवा दुचाकी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली. मोजणी पहिल्या नोंदणीपासून, मॉडेलच्या नावापासून नाही. पद्मिनी नाव १९७४ चं म्हणून १९८२ ची पद्मिनी विंटेज होत नाही, ती २०३२ ला होईल. अर्ज फॉर्म २० मध्ये परिवहन पोर्टलवरून, सोबत इन्शुरन्स, जुनी आरसी, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयातीचा कागद), फी २०,०००, राज्याची समिती गाडी बघते, नोंदणी दहा वर्षांची, पुढच्या वेळी ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्या नोंदणीला व्हीए मालिका.

नियमात ब्रेकचं नाव नाही, मग डिस्क चालते? इथे गंमत आहे. डिस्कमुळे नाही, डिस्कसोबत येणाऱ्या बूस्टरमुळे, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यामुळे, गाडी अडते. डिस्कला ड्रमपेक्षा जास्त जोर लागतो म्हणून बूस्टर हवा, बूस्टरसाठी गॅरेजवाला फायरवॉलला ग्राइंडरने मोठं भोक पाडतो, आणि फायरवॉल, म्हणजे इंजिन नि केबिनमधली पत्र्याची भिंत, हा बॉडी शेलचाच भाग. व्हॅक्यूमसाठी मॅनिफोल्डला (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांना) ड्रिल मारलं की समितीतला चिकित्सक माणूस "इंजिनात बदल" म्हणायला मोकळा. त्याऐवजी रिमोट बूस्टर वापरा, जो बॉनेटखाली आधीच्याच बोल्टच्या भोकांवर बसतो, आणि व्हॅक्यूम कार्ब्युरेटरखालच्या स्पेसरमधून घ्या. सस्पेन्शनचा अख्खा क्रॉस मेंबर (पुढची चाकं धरणारा आडवा सांगाडा) बदलणारे किट तर विंटेज करायची असेल तर विसराच. आणि काढलेले ड्रम, शूज, जुना मास्टर सिलिंडर, नट-बोल्टसकट तेल लावून पोत्यात ठेवा, समितीने मूळ स्वरूपात आणा म्हटलं तर दोन दिवसांत परत बसले पाहिजेत.

स्वस्त पडते म्हणून विंटेज नोंदणी घेणाऱ्यांनी एवढं ऐकावं. ती गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती आणि तिथे जाणं-येणं, बस्स. रविवारी मिसळ खायला जायचं असेल तर साधीच आरसी ठेवा, मग दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवायचा फॉर्म २५. तो मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत भरायचा, त्याच्या आधी भरला तर घेत नाहीत आणि नंतर महिन्याला ५०० रुपये जादा. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला फी १०,०००. पर्यावरण कर, पीयूसी, इन्शुरन्स, एचएसआरपी नंबर प्लेट हे सगळं आधी.

पासिंगच्या दिवशी ब्रेकचं काय बघतात? नियम ९६ प्रमाणे पायाचा नि हाताचा असे दोन वेगळे ब्रेक चालले पाहिजेत. चारही चाकांना डिस्क लावून हँडब्रेकची केबल लोंबकळत ठेवलेले महाभाग आहेत, त्यांची गाडी नापास होणारच. म्हणून मागे ड्रम राहू द्या. अजून एक, ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापतं, चाचणीत गाडी ओढते. तो पुढच्या लाइनमधून काढलाय का ते गॅरेजवाल्याला तोंडावर विचारा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होज ताणला जातोय का बघा. हे इन्स्पेक्टर बघेल न बघेल, तुम्ही बघा.

राहिला इन्शुरन्स. बदल कंपनीला ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा, क्लेमच्या वेळी सर्व्हेअर चाक उघडतोच. आणि पॉलिसीत विंटेजची सवलत मागायला जाल तर जुन्या मोटर टॅरिफमधली (विम्याच्या दरपत्रकातली) विंटेज म्हणजे १९४० सालापर्यंत बनलेली गाडी, तीही क्लबच्या प्रमाणपत्रासह, आरटीओच्या ५० वर्षांशी तिचा काही संबंध नाही. पद्मिनीवाल्यांनी त्यासाठी एजंटशी भांडत बसू नये, मिळणार नाही.