‘चाललं’ आणि ‘कळलं’: कोडिंग शिकताना मिळणारे दोन वेगळे आनंद

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दोन तऱ्हेचे आवाज यायचे. एक मोठा: "आलं! आउटपुट आलं!" तो आला की आजूबाजूच्या दोघीतिघी उठून त्या स्क्रीनभोवती जमायच्या. दुसरा आवाज क्वचित यायचा, तोही हळू, बहुतेकदा वहीवर पेन्सिल टेकवून बसलेल्या एखादीकडून: "अच्छा, म्हणून असं होतंय होय!" तिच्याभोवती कुणी जमायचं नाही.

कोडिंग शिकून काय मिळतं असं विचारलं की नोकरी, पॅकेज, परदेश ही उत्तरं लगेच येतात. ती बाजूला ठेवते. शिकणाऱ्याला स्वतःला आतून काय मिळतं, त्याबद्दल मला बोलायचंय, आणि तिथे दोन गोष्टींची कायम गल्लत होते: प्रोग्राम चालल्याचा आनंद आणि प्रोग्राम कळल्याचा आनंद. दोन्ही एकाच खुर्चीत बसून मिळतात, कधीकधी एकाच मिनिटात मिळतात. त्यामुळे पहिला मिळाला की दुसराही मिळाला असं धरून आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

‘चाललं’चा आनंद कमी लेखावा असा मुळीच नाही. टर्बो सी प्लस प्लस या कोड लिहिण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या पडद्यावर पाचसहा ओळी टाइप करायच्या, कंट्रोल आणि एफ नाइन दाबायचं, आणि काळ्या पडद्यावर आपलं नाव उमटायचं. शाळेत गणित बरोबर आलं की नाही हे बाई वही तपासून सांगायच्या. इथे उत्तर थेट आपल्यासमोर. चुकलं तर पुन्हा करा, दहा वेळा करा. कुणी रागावत नाही, वहीत लाल रेघ पडत नाही. वर्गात हात वर करायला घाबरणाऱ्या मुलीला ही मोकळीक किती मोठी वाटते, ते मी जवळून पाहिलंय.

पण एरर गेला याचा अर्थ एवढाच की तुम्ही लिहिलेलं वाक्य भाषेच्या नियमात बसलं. तुम्हाला जे सांगायचं होतं तेच तुम्ही सांगितलंत का, याची कंपायलरला, म्हणजे आपला कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामला, कल्पनाही नसते. आणि आता तर एआयला साध्या मराठीत गरज सांगितली तरी कोड मिळतो, पेस्ट केला की चालतो. ‘चाललं’ हे आता न शिकताही हाती येतं. म्हणून फरक आत्ताच नीट समजून घ्यायला हवा.

प्रॅक्टिकलच्या जर्नलमधला नेहमीचा प्रोग्राम घ्या: वीजबिल. समजा पहिल्या १०० युनिटना ५ रुपये आणि त्यापुढच्या युनिटना १० रुपये दर आहे. नवशिकी मुलं हमखास लिहितात: युनिट १०० पेक्षा जास्त असतील तर युनिट गुणिले १०. प्रोग्राम बिनतक्रार चालतो. १०० युनिटना ५०० रुपये येतात आणि १०१ युनिटना १०१०. एका युनिटसाठी ५१० रुपयांची उडी! खरं उत्तर ५१० रुपये आहे, कारण वरचा दर फक्त वरच्या एका युनिटला लागतो. ९९, १००, १०१ असे काठावरचे आकडे घेऊन कागदावर ड्राय रन केला, म्हणजे प्रत्येक ओळीनंतर कोणत्या व्हेरिएबलमध्ये (आकडा ठेवायला नाव दिलेल्या जागेत) काय आहे याचा तक्ता भरला, तर हे दोन मिनिटांत दिसतं. महावितरणच्या घरगुती बिलातही १ ते १००, १०१ ते ३०० अशीच टप्प्याटप्प्याने आकारणी असते. "शंभरच्या वर गेलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं" हा समज मी कितीतरी घरांत ऐकलाय. ज्या मुलीला तो तक्ता एकदा कळला, ती घरातलं बिल स्वतः वाचते. ‘चाललं’ लॅबमध्येच राहतं. हे घरी येतं.

फरक मला सगळ्यात स्पष्ट दिसला तो आईच्या बचत गटात. दहाबारा बायका, महिन्याची ठरावीक बचत, आणि अडीनडीला गटातूनच कर्ज, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. हिशेब सगळा रजिस्टरवर. मी तेव्हा पायथन ही कोडिंगची भाषा शिकत होते. कर्जाची शिल्लक घ्यायची, दोनने गुणायची, शंभरने भागायची आणि ‘राउंड’ या फंक्शनने, म्हणजे भाषेतच मिळणाऱ्या तयार कृतीने, पूर्ण रुपयात आणायची, असा छोटा प्रोग्राम लिहिला. तो चालला. सगळ्यांची व्याजं एका क्षणात. प्रिंट काढून मीटिंगला नेली. रजिस्टर लिहिणाऱ्या काकूंनी एकेक आकडा बोटाने ताडून पाहिला आणि एका नावापाशी त्या थांबल्या.

"अगं, सव्वासहाशेचं व्याज साडेबारा होतं. आम्ही तेरा धरतो. तुझ्या कागदावर बारा कसे?"

मला वाटलं, हे फंक्शन अर्धा रुपया सोडून देत असेल. पण पुढचीच शिल्लक ६७५ होती, व्याज साडेतेरा, आणि कागदावर बरोबर १४ होते. त्याखाली ७२५: साडेचौदा, आणि पुन्हा १४. तोच अर्धा रुपया, एकदा वर गेलेला आणि दोनदा खाली.

रात्री घरी येऊन पायथनचं डॉक्युमेंटेशन उघडलं. पायथन ३ मधला ‘राउंड’ बरोबर अर्ध्यावर आला की जवळच्या सम संख्येकडे जातो. १२.५ चे १२, १३.५ चे १४, १४.५ चेही १४. यामागे विचार आहे. प्रत्येक अर्धा वरच ढकलला तर हजारो आकड्यांच्या बेरजेत वरच्या बाजूचा कल साचत जातो. काही वर आणि काही खाली गेले तर तो साधारण फिटतो. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. म्हणजे पायथनचं चुकलं नव्हतं आणि काकूंचंही नव्हतं. गटाचा नियम एक, फंक्शनचा नियम दुसरा. आणि त्या एका शब्दात कुणीतरी आधीच एक निवड करून ठेवली आहे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्या रात्री स्क्रीनवर काहीच बदललं नाही. तरी त्या दिवशी जे समाधान वाटलं, ते सकाळच्या प्रिंटआउटच्या वेळच्या आनंदाहून निराळं होतं आणि ते आजतागायत उतरलेलं नाही. किराणा दुकानाच्या बिलावर ‘राउंड ऑफ’ दिसलं की मी अजून थांबून बघते, हा अर्धा कुणाच्या बाजूला गेला.

मराठी माणसाला अशी संधी आपल्या अक्षरांतही मिळते. शब्दाची लांबी मोजणं आणि शब्द उलटा करणं हे दोन प्रोग्राम सगळेच शिकतात, पण इंग्रजी शब्दांवर. तेच पायथनमध्ये ‘मराठी’ या शब्दावर चालवा. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. उत्तर येतं ५. उलटा केला तर सुरुवातीला निराधार वेलांटी लटकते. एरर मात्र कुठेच नाही. कारण असं की युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपिचिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी अशी पाच वेगळी चिन्हं साठवलेली असतात, आणि ‘क्षमा’ म्हणजे क, हलन्त, ष, म, काना. अनुक्रम लावून पाहिला तर आणखी मजा. वर्णमालेत आपण ‘ळ’ ह नंतर म्हणतो, पण युनिकोडच्या क्रमांकांत तो ल आणि व यांच्यामध्ये बसलाय. त्यामुळे साध्या सॉर्टिंगने ‘काळ’ हा शब्द ‘काव’च्या आधी येतो. मराठी शब्दांची किंवा मतदारांची यादी लावणाऱ्याने हे समजून घेतलं नाही, तर यादी चालेल आणि वाचणाऱ्याला नाव सापडणार नाही. जोडाक्षर म्हणजे नेमकं काय, हे मला व्याकरणाच्या तासापेक्षा या चुकलेल्या उत्तराने जास्त शिकवलं.

हा प्रश्न फक्त शिकाऊंचा असंही नाही. जावा या भाषेच्या लायब्ररीतला, म्हणजे तयार कोडच्या संग्रहातला, बायनरी सर्च (क्रमाने लावलेली यादी दरवेळी निम्मी करत नोंद शोधणारा प्रोग्राम) जगभर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत होता. २००६ साली प्रोग्रामर जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर लिहिलं की त्यात चूक आहे, आणि तो त्यांनीच लिहिलेला होता. यादीचा मध्य काढायला खालचं आणि वरचं टोक यांची बेरीज करून निम्मी करायची, ही एक ओळ. यादी सुमारे १०७ कोटींहून मोठी झाली की ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ ही जावाच्या साध्या पूर्णांकाची मर्यादा ओलांडू शकते, आणि मग मध्य चक्क ऋण संख्या होतो. उपाय साधा: दोन टोकांमधलं अंतर निम्मं करून खालच्या टोकात मिळवा. इतक्या अनुभवी माणसाने आपली चूक अशी उघड मांडली, याचं मला फार मोल वाटतं.

मग फक्त समजून घेत बसावं का? तसंही नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ मध्ये एका टिपणाच्या शेवटी लिहिलं होतं की वरच्या कोडमधल्या बगपासून (चुकांपासून) सावध राहा, मी तो बरोबर असल्याचं फक्त सिद्ध केलंय, चालवून पाहिलेला नाही. कळलेलं चालवून पाहावं लागतं, कारण कळण्यातही फटी राहतात. चाललेलं मात्र आपोआप कळत नाही. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो, आणि क्लासमध्ये नेमका तोच कापला जातो: सिलॅबस पुढे सरकवायचा असतो, सबमिशनची तारीख आलेली असते.

माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी एकच सवय लावते. रन दाबण्याआधी उत्तर कागदावर लिहायचं. अंदाज बरोबर आला तर लॉजिक बसलंय. चुकला तर, उत्तर पुस्तकाप्रमाणे असलं तरी, आजचा धडा तिथेच आहे. आणि मग तो प्रोग्राम मराठीत, कोडिंग न येणाऱ्या घरातल्या कुणाला तरी सांगायचा. ‘फॉर लूप’, ‘इटरेट’ या शब्दांआड लपता येत नाही. "प्रत्येकीच्या नावाशी थांबायचं आणि हे करायचं" असं म्हणावं लागतं. सांगताना जिथे अडखळतो, तिथेच कळायचं राहिलेलं असतं.

बचत गटाच्या पुढच्या मीटिंगला मी प्रिंटआउट नेलाच नाही, वही नेली. सगळं पैशांत मोजायचं ठरवलं होतं. ६२५ रुपयांचं व्याज १२५० पैसे. त्यात ५० मिळवायचे, १३००. शंभरने भागायचं आणि बाकी सोडून द्यायची: १३ रुपये. काकूंनी पेन घेतलं आणि स्वतःच एक शिल्लक निवडली, ६२४. व्याज १२४८ पैसे, ५० मिळवून १२९८, भागून १२, बाकी ९८ सोडली. बरोबर काठाच्या अलीकडचा आकडा त्यांनी न सांगता काढला होता.

"म्हणजे आठ आणे आधीच टाकून ठेवायचे, मग खालची चिल्लर सुटली तरी चालते," त्या म्हणाल्या. कीबोर्डला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नव्हता. मग वही माझ्याकडे सरकवत त्यांनी विचारलं, "बरं, हप्ता उशिरा आला तर दंड लागतो आपल्याकडे. तो यात कुठे धरलायस?"

तो मी कुठेच धरला नव्हता. नवं पान उघडलं आणि त्यांना म्हटलं, "तुम्ही नियम सांगा, काकू. मी तक्ता आखते."