ऑड मॅन आउट

ब्रिटिश थरारपट (१९४७, कृष्णधवल). दिग्दर्शक कॅरल रीड, छायालेखक रॉबर्ट क्रॅस्कर, संगीत विल्यम ऑल्विन. एफ. एल. ग्रीन यांच्या १९४५ च्या याच नावाच्या कादंबरीवर आधारित. पटकथा आर. सी. शेरिफ व स्वतः ग्रीन यांची.

शीर्षकाचा अर्थ ‘वगळलेला’ असा लावण्यापेक्षा ‘एकटा पडलेला’ असा लावणे अधिक योग्य. मुंबईच्या चाळीत मुले खेळाआधी तळवे टाकून ‘सुटतात’. ज्याचा तळवा वेगळा पडतो तो सुटतो, शेवटी उरेल त्याच्यावर राज्य येते. या चित्रपटात वेगळा पडलेल्यावरच राज्य आले आहे.

उत्तर आयर्लंडमधील एका शहरात जॉनी मॅक्वीन (जेम्स मेसन) हा भूमिगत संघटनेचा म्होरक्या निधीसाठी गिरणीवर दरोडा घालतो. तुरुंगातून निसटून तो कित्येक महिने एका घरात लपलेला असतो. उजेडात येताच त्याला घेरी येते. झटापटीत त्याच्या हातून एक माणूस मरतो, त्यालाही गोळी लागते आणि पळत्या मोटारीतून तो रस्त्यावर पडतो. पुढे मध्यरात्रीपर्यंत रक्त गळत, पावसातून आणि मग बर्फातून, तो गल्लोगल्ली फिरतो.

तो पकडला जाईल की नाही, एवढ्यावर हा थरार उभा नाही. प्रत्येक दारात उभा राहतो तो प्रश्न एकच: कडी काढायची की लावायची? अपघात झालेला कुणी समजून दोन बायका त्याला घरात घेतात, जखम बांधू लागतात आणि तो कोण हे कळताच थबकतात. घोडागाडीवाला त्याला गाडीतून उतरवून भंगारात सोडतो. पाखरे विकणारा शेल (एफ. जे. मॅकॉर्मिक) त्याच्या बदल्यात काय मिळेल याची पाद्र्याकडे घासाघीस करतो. चित्रकार लूकीला (रॉबर्ट न्यूटन) मरणाऱ्या माणसाचे डोळे रंगवायचे असतात. कायदा व बेकायदा संघटना यांच्यातील झगडा हा आपला विषय नाही, अचानक त्यात ओढल्या गेलेल्यांच्या मनातले द्वंद्व आहे, असे आरंभीचे निवेदनच सांगते. काही अभ्यासक याला राजकारणातून अंग काढून घेणे मानतात. निवेदन शब्दशः घेतले, तर चित्रपट अधिक नीट समजतो.

चित्रीकरणस्थळांबाबत बराच गोंधळ आढळतो. शहराचे नाव चित्रपटात घेतलेले नाही. मात्र बेलफास्टचा अल्बर्ट क्लॉक हा घड्याळाचा मनोरा ओळखू येतो. बाह्यदृश्यांपैकी काही बेलफास्टची, काही लंडनची. ज्या पबमध्ये जॉनीला लाकडी कप्प्यात कोंडून ठेवतात, तो बेलफास्टमधील क्राउन लिकर सलून होय, हा समज मात्र चुकीचा आहे. त्याच्या धर्तीवर डेनम स्टुडिओत नेपथ्य उभारले होते. याच कप्प्यात टेबलावर सांडलेल्या बिअरच्या बुडबुड्यांत जॉनीला दिवसभरात भेटलेले चेहरे दिसू लागतात, एकेका बुडबुड्यात एकेक, सगळे एकदमच बोलणारे. भ्रम दाखवण्याची इतकी साधी आणि इतकी भेदक युक्ती विरळाच.

शेवटाबाबतही मतभेद आहेत. कादंबरीत नायिका जॉनीला गोळी घालून स्वतःलाही संपवते. पडद्यावर जॉनीवर प्रेम करणारी कॅथलीन (कॅथलीन रायन) गोद्यांजवळ पोलिसांच्या रोखाने पिस्तूल झाडते आणि उलट गोळीबारात दोघेही पडतात. अमेरिकन सेन्सॉर संहितेसाठी हा बदल केला, असे बहुधा मानले जाते. तरीही तिचा निर्णय दोन्हींकडे तिचाच राहतो.

ब्रिटिश फिल्म अकादमीचा सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाचा पहिला पुरस्कार याला मिळाला. संकलनासाठी ऑस्कर नामांकनही होते. रीड व क्रॅस्कर यांनी पुढे ‘द थर्ड मॅन’ (१९४९) केला.

मुंबईच्या प्रेक्षकाला येथे ‘दीवार’ (१९७५) आठवणे स्वाभाविक आहे. भावाच्या गोळीने जखमी झालेला विजय अखेर देवळात पोहोचतो. त्याच्या धावण्याला ठिकाण आहे आणि तिथे आईची मांडी आहे. जॉनीच्या वाटेवर आहेत ती परक्यांची दारे, आणि कॅथलीन त्याच्यापर्यंत पोहोचते तेव्हा त्याला पळवून नेण्यासाठी तिने ठरवलेली बोट सुटायची वेळ झालेली असते.