दिवस कसा गेला, हे तासांना विचारा

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच कुणी "आजचा दिवस कसा गेला?" असं विचारलं, की आपण एका शब्दात निकाल देऊन मोकळे होतो. वैताग! पुढे नोकरी बदलायचे बेतही अशाच निकालांवर ठरतात. पण आठवणीतून काढलेला हा निकाल भरवशाचा नसतो.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक साधा प्रयोग केला. लोकांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३०. मात्र या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांवर नेलं. पुन्हा करायचं झालं तर यातलं काय निवडाल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ छळणारा प्रकार निवडला. आठवण एकूण वेळ मोजत नाही. सगळ्यांत तीव्र क्षण आणि शेवट तेवढा धरून ठेवते. पुण्यातल्या कितीतरी नोकरदारांच्या कामाच्या दिवसाचा शेवट विद्यापीठ चौकात नाहीतर वाकडच्या कोंडीत होतो. मग दुपारी दोन तास मन लावून केलेलं काम हिशेबात येतच नाही.

म्हणून दिवस तुकड्यांनी पाहायचा. काहनेमन यांच्याच गटाने २००४ मध्ये टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांसाठी वापरलेली पद्धत घरीही जमते. कालचा दिवस आज सकाळी लिहायचा. जागा, सोबतचं माणूस किंवा काम बदललं की नवा प्रसंग. एक प्रसंग साधारण १५ मिनिटं ते २ तासांचा. आधी सगळे प्रसंग वेळेसकट लिहून काढायचे. मगच प्रत्येकाला आनंद, ताण आणि थकवा यांचे ० ते ६ गुण द्यायचे. नोंद अशी दिसते: "८:२० ते ९:३५, कोथरूड ते हिंजवडी, दुचाकी, एकटा. आनंद १, ताण ५, थकवा ३." किंवा "११:०० ते ११:१५, टपरीवर चहा, दोन सहकारी. आनंद ४, ताण १, थकवा २." कामाचे तीन दिवस आणि सुट्टीचा एक, एवढं पुरतं.

"ऑफिस, १० ते ७" असा एकच प्रसंग लिहिला तर वही वाया गेलीच म्हणून समजा, कारण मीटिंग, चहा आणि एकट्याने केलेलं काम यांतला फरकच तर शोधायचा असतो. दुसरी चूक जास्त फसवी आहे. मुलांचा अभ्यास घेताना आनंद व्हायलाच हवा, म्हणून तिथे ६ लिहिले जातात. जे वाटलं तेच लिहा, वही कुणाला दाखवायची नाही.

टेक्ससच्या अभ्यासात सकाळचा प्रवास तळाशी होता. मित्रमंडळींबरोबरचा वेळ, जेवण, विश्रांती वर. अपुरी झोप आणि कामातली घाई यांचा दिवसभराच्या मनःस्थितीवर पडणारा परिणाम उत्पन्नापेक्षा बराच मोठा निघाला. पगारवाढीची वाट पाहताना हे लक्षात ठेवावं.

आता वहीतला सगळ्यांत कमी आनंदाचा आणि सगळ्यांत लांब प्रसंग निवडा, एकच. तो प्रवास असेल तर आठवड्यातून दोन दिवस तरी अर्धा तास आधी निघा. वनाझ–रामवाडी किंवा पिंपरी-चिंचवड–स्वारगेट मेट्रो तुमच्या वाटेवर असेल, तर ती धरा. गाडी चालवण्याचा ताण तरी सुटतो. शेजारच्या प्रवाशाशी बोलायला संकोच वाटतो खरा, पण शिकागोतल्या प्रवाशांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अनोळखी माणसाशी बोललेल्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा सुखाचा झाला. इतर प्रवाशांना विचारलं, तेव्हा त्यांची अटकळ मात्र नेमकी उलट होती.

खराब प्रसंग रात्रीचा असेल, म्हणजे घरी येऊनही डोक्यात ऑफिस चालूच असेल, तर उपाय ऑफिसमधून निघण्याआधीच्या दहा मिनिटांत आहे. अपुरं काम मनात टोचत राहतं; ते संपलं नाही तरी पक्की योजना केली की टोचणी कमी होते, हे २०११ मधल्या प्रयोगांत दिसलं. योजना मात्र नेमकी हवी. "रिपोर्ट पूर्ण करणे" चालत नाही. "उद्या १० वाजता मार्चचे आकडे शीटमध्ये भरणे" असं लिहा. २०१८ च्या एका झोपेच्या अभ्यासात, झोपण्यापूर्वी ५ मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी बारकाईची, तितकी झोप लवकर.

दोन आठवड्यांनी त्याच वाराची नोंद पुन्हा करून आकडे ताडून पाहा. एकदम तीन गोष्टी बदलल्यात, तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. आणि आवडीच्या प्रसंगांपुढेही आनंद सलग दोन आठवडे ० किंवा १ च येत असेल, झोप-भूक उडाली असेल, तर वहीवर विसंबून राहू नका. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा किंवा 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे दिवसरात्र कधीही बोलता येतं.