भेगा घासून जात नाहीत

आमच्या कोल्हापुरात ठाम समज आहे: टाचांच्या भेगा म्हणजे साचलेला मळ, जितकं घासाल तितकी टाच मऊ. आजीची पाय घासायची वज्री होती, आता न वाकता पाय घासायचं ब्रशवालं पायताण न्हाणीत आलंय. समज तोच.

भेगांत मळ अडकतो हे खरं, पण भेगा त्यामुळे पडत नाहीत. तळव्याला तेलग्रंथीच नसतात, त्यामुळे ती कातडी लवकर कोरडी पडते. त्यात आपली कोल्हापुरी चप्पल मागून उघडी. वजन पडलं की टाच कडेनं पसरते आणि कोरडी, जाड कातडी फाटते. रोज खसाखसा घासलं तर शरीर त्या जागी आणखी जाड थर चढवतं. घट्टा पडतो तसाच.

ब्रश वाईट नाही, कंबर धरलेल्यांना तर वरदानच. आठवड्यातून दोनदा, हलक्या पायानं, तेही स्टुलावर बसून. खडबडीत शाहाबादी फरशीवर त्याच्या तळाचे, जमिनीला चिकटणारे रबरी चोषक धरत नाहीत, उभ्यानं घासाल तर घसराल. मग पाय टिपून ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा युरियाचं मलम लावा.

मधुमेहानं पाय बधिर असतील, तर ब्रश नकोच. जखम कळत नाही.