पितळेतल्या जाळीची पूर्वपीठिका

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इराणातून आलेला काशाचा एक सिंह आहे, ११८१-८२ सालचा. अंगभर जाळी. त्याची मान काढायची, आत निखारे आणि ऊद घालायचा, मान पुन्हा बसवायची. मग छिद्राछिद्रातून सुगंधी धूर झिरपू लागतो. पितळेतल्या जाळीकामाची गोष्ट मला इथून सुरू करावीशी वाटते, कारण इथे नक्षी आणि वापर वेगळे काढताच येत नाहीत.

१३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं आणि पुढे इराणी विद्वान, सरदार, कारागीर दख्खनमध्ये येत राहिले. त्यांच्यासोबत ही धूपदानंही रुजली. दख्खनी हातांनी मात्र सिंहाच्या जोडीला मोर घडवला. धातूची अडचण नव्हती. जस्ताची ९०७ अंशांनाच वाफ होते, त्यामुळे साध्या भट्टीत ते हाती लागत नाही. पण उदयपूरजवळ झावरला वांग्याच्या आकाराच्या मुशी उलट्या ठेवून ती वाफ खाली थंड करत. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ.

दख्खनी जाळीकामाचं खरं तेज मला मोहरमच्या अलमांत, म्हणजे आपण ज्यांना पंजे म्हणतो त्यांत दिसतं. बुऱ्हाण निजामशहाने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला, तो अहमदनगरात. गोवळकोंड्याची कुतुबशाहीही शियाच, आणि मोहरम हा शियांचा शोकाचा काळ. मिरवणुकीत काठीवर उंच धरायचा पत्रा कोरून काढला की वजन कमी होतं आणि मागच्या उजेडात अक्षरं उठून दिसतात. पण अरबी अक्षरांना नुक्ते, म्हणजे सुटी टिंबं असतात. भोवतीचा पत्रा कापला की सुटा नुक्ता गळून पडणार! म्हणून तो शेजारच्या अक्षराला किंवा वेलीच्या देठाला जोडून ठेवावा लागतो. चांगल्या कामात ही गरज कळतही नाही, वेल तिथे आपसूक आल्यासारखी वाटते. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीच्या जाळ्या (१५७२-७३) दगडात हेच साधतात. धातूत देठ आणखी बारीक करता येतो, एवढाच फरक.

पुढे शाहजहानच्या काळात वसलेलं आणि त्याचा मुलगा मुराद याच्या नावाचं मुरादाबाद पितळनगरी झालं. तिथून कंदील, दिवे परदेशी जाऊ लागले. रीत जुनीच आहे: पत्र्यावर नक्षी उतरवायची, भोक पाडायचं, त्यातून करवतीचं बारीक पातं ओवायचं, कापायचं. मग कानस घेऊन प्रत्येक भोकाच्या कडा घासायच्या, आतल्या बाजूनेसुद्धा. तिथे खरखर राहिली तर भिंतीवर पडणाऱ्या सावलीची कड फाटकी दिसते.