दांडी आणि धास्ती: कॅटलॉगातल्या एकाच लाल खुणेमागची दोन मुलं

महिनाअखेरीला कॅटलॉगची, म्हणजे हजेरीपटाची, बेरीज झाली की वर्गशिक्षकाच्या हाती उरतो तो नुसता आकडा. सातवी ब मधला एक मुलगा 6 दिवस गैरहजर, त्याच वर्गातली एक मुलगी 6 दिवस गैरहजर. दोन्ही घरी सारखाच निरोप जातो आणि पालकसभेत दोन्ही घरांना सारखंच सुनावलं जातं: उपस्थितीकडे लक्ष द्या, उद्या दहावीला 75 टक्के लागतील. त्या 6 दिवसांत मुलगा मित्राकडे दप्तर टाकून क्रिकेट खेळत होता आणि मुलगी घरात पांघरूण ओढून पडली होती, हे आकड्यात कुठेच दिसत नाही.

मुलाने मारली ती दांडी. मुलीला बसली आहे ती शाळेची धास्ती. मानसोपचारतज्ज्ञ तिला 'स्कूल रिफ्युजल' म्हणतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात आणि घोळ तिथेच होतो. दांडीबहाद्दर ज्या बोलण्याने ताळ्यावर येईल, त्याच बोलण्याने धास्तावलेली मुलगी आणखी आठवडाभर घरी बसते. उलट, धास्तीला लागणारी सबुरी दांडीबहाद्दराला दाखवली तर त्याचं चांगलंच फावतं.

हा फरक आजचा नाही. अमेरिकेत ब्रॉडविन यांनी 1932 मध्येच नोंदवून ठेवलं होतं की शाळा चुकवणारी काही मुलं उनाडक्या करत नाहीत, ती आईच्या आसपास, घराजवळच असतात. ती कुठे आहेत हे पालकांना पुरतं ठाऊक असतं, पण ती का जात नाहीत ते मात्र ना घराला उमगतं ना शाळेला. पुढे 1941 मध्ये अ‍ॅडलेड जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी या धास्तीला 'स्कूल फोबिया' म्हटलं. आपल्याकडे शहरातल्या समुपदेशकांना हे सगळं माहीत आहे. शिक्षकांच्या खोलीत मात्र अजूनही एकच शेरा ऐकू येतो: "लाडावलंय."

घरी ठाऊक आहे का?

ओळखायची पहिली खूण हीच. दांडी घरापासून लपवलेली असते. मूल वेळेवर निघतं, वेळेवर परततं, डबाही संपलेला असतो (तो कुणी संपवला ते विचारू नये). धास्तीत लपवाछपवी नाही. सगळ्या घराला ठाऊक असतं, शेजाऱ्यांनाही, कारण सकाळचा आरडाओरडा भिंतीपलीकडे जातो. दुसरी खूण अभ्यासाची. दांडीबहाद्दराला गृहपाठाशी देणंघेणं नसतं. धास्तावलेलं मूल पुष्कळदा घरी बसून मैत्रिणीकडून फोटो मागवतं आणि वह्या पूर्ण करतं. "एवढी हुशार मुलगी, हिला काय धाड भरलीय?" असं शिक्षक म्हणतात ते यामुळेच.

ती सकाळ जवळून बघा. रविवारी रात्रीच जेवण कमी गेलेलं असतं. सोमवारी पावणेसातला व्हॅन येणार. साडेसहापर्यंत सगळं सुरळीत. आंघोळ झाली, गणवेश चढला, पाण्याची बाटली भरून झाली. बुटाची लेस बांधताना पोटात कळ येते. मग मळमळ, कधी खरोखरची उलटी. व्हॅनवाले काका दोनदा हॉर्न देतात, आई गॅलरीतूनच "आज नाही येत" म्हणून हात हलवते. साडेसातला तेच मूल उठून पोहे मागतं. "बघ, म्हटलं नव्हतं, नाटक आहे!" हे बाबांचं वाक्य ठरलेलं.

नाटक नव्हतं. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पोटाचं नेहमीचं काम बिघडतं. परीक्षेच्या सकाळी ज्यांना तीनदा संडासला जावं लागायचं त्यांना हे समजावून सांगायला नको. व्हॅन निघून गेली, धोका टळला, म्हणून कळ थांबली. ती थांबली यावरून मूल खोटं बोलत होतं असं ठरत नाही; कशाची भीती आहे याचा धागा मात्र मिळतो. रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत हे पोट दुखत नाही ना, एवढं पाहावं. तरी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावं, कारण पोटदुखीला खरा आजारही असू शकतो.

खरी मेख पुढे आहे. घरी राहिल्यावर जे हुश्श होतं, त्या सुटकेचीच मुलाला सवय लागते. दुसऱ्या दिवशी उंबरा ओलांडणं कालच्यापेक्षा जड जातं. शिवाय बुडलेला अभ्यास आणि "कुठे होतीस गं?" या प्रश्नाची भीती साचत जाते. तीन दिवसांची धास्ती अशीच तीन आठवड्यांवर जाते.

कॅटलॉग काय सांगतो

शिक्षकांनी महिन्याचा आकडा सोडून तारखा बघाव्यात. दांडी टोळीने येते: त्याच तीन मुलांच्या लाल खुणा त्याच दिवशी. आठवडे बाजार, गावची जत्रा, क्रिकेटचा मोठा सामना, चाचणीचा दिवस. अर्धी दांडी तर कॅटलॉगात उमटतच नाही. परिपाठानंतरच्या हजेरीला "हजर सर" आणि मधल्या सुट्टीनंतर बाक रिकामा. दिवसातून एकदाच हजेरी घेणाऱ्या शाळेला आपली मुलं दुपारी कुठे आहेत हे खरं म्हणजे माहीत नसतं, आणि हा प्रश्न उपस्थितीपेक्षा सुरक्षिततेचा जास्त आहे.

धास्ती एकटी येते. सोमवारी येते, गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर येते, लांबलेल्या तापानंतर येते. शाळा बदलल्यावर तर हमखास. चौथीपर्यंत झेडपीच्या छोट्या शाळेत असलेलं मूल पाचवीला हायस्कूलच्या मोठ्या इमारतीत जातं तेव्हा, किंवा सातवीनंतर गाव सोडून तालुक्याला जातं तेव्हा. गैरहजेरी लागण्याआधी काही दिवस उशीर होतो, मग दुसऱ्या तासाला "मॅडम, डोकं दुखतंय, घरी फोन करा" सुरू होतं. हे सुरुवातीचे दिवस पकडता आले तर पुढचं बरंच टळतं.

अर्थात मुलं व्याख्येप्रमाणे वागत नाहीत. काही जण घरून निघतात, गेटपर्यंत येतात, आत पाऊल पडत नाही, मग दिवसभर एसटी स्टँडवर बसून राहतात. घरी ठाऊक नाही, म्हणजे दांडी. पण आत धास्ती. अशा वेळी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर कर्नी यांची रीत कामाला येते. त्यांनी विचारलं, शाळेत न गेल्याने या मुलाला मिळतं काय? त्यांच्याकडे उत्तरं चार: शाळेतलं काहीतरी नकोसं टळतं, चारचौघांत उभं राहणं किंवा तोंडी परीक्षा टळते, घरच्यांचं लक्ष मिळतं, नाहीतर बाहेर शाळेपेक्षा मजेचं काहीतरी मिळतं. पहिली तीन बहुधा धास्तीकडे झुकतात, चौथं दांडीकडे. "का जात नाहीस?" यापेक्षा मला हा प्रश्न कितीतरी बरा वाटतो. "का" याचं उत्तर पुष्कळदा मुलालाच सापडलेलं नसतं.

भीती खरी असेल तर?

'धास्ती' म्हटलं की दोष मुलाच्या मनात शोधायची घाई होते. पण अनेकदा भीतीला जागेवर कारण असतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, म्हणून एखादी सकाळपासून पाणी पीत नाही आणि पाळीच्या दिवसांत येतच नाही. व्हॅनच्या मागच्या सीटवर मोठी मुलं छळतात. एखादे सर हात उगारतात, किंवा हात न उगारता वर्गासमोर असं काही बोलतात की मूल महिनाभर विसरत नाही. आणि कधी ते असतं जे मुलाला बोलूनच दाखवता येत नाही. अशा मुलाची समजूत काढून त्याला पुन्हा त्याच व्हॅनमध्ये बसवणं हा अन्याय आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं प्रकरण उघड झाल्यावर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीच्या सूचना दिल्या. ते हवंच. पण कॅमेऱ्यात दिसण्याआधी पुष्कळ गोष्टी मुलाच्या सकाळच्या पोटदुखीत दिसतात, आणि त्या पाहायला घरातलं माणूस लागतं.

"शाळेत काय झालं?" असं विचारलं की "काही नाही" एवढंच येतं. त्यापेक्षा दिवस क्रमाने सांगायला लावा. व्हॅनमध्ये कुठे बसतेस? शेजारी कोण? पहिला तास कुणाचा? डबा कुणाबरोबर खाल्लास? बाथरूमला कधी गेलीस? बोलणं जिथे अडखळतं, नाव गाळलं जातं, तिथे थांबायचं. लगेच उलटतपासणी नको, दुसऱ्या दिवशी पुन्हा सहज विचारायचं.

मारहाण किंवा मानसिक छळ निघाला तर शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने दोन्हींवर बंदी आहे. "शिस्त लावत होतो" हा बचाव तिथे चालत नाही. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायदा 2012 च्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकांनाही. संस्थेचं नाव जाईल म्हणून हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कुठून सुरुवात करावी ते सुचत नसेल तर 1098 हा मुलांसाठीचा नंबर आहे, मूल स्वतःही तो फिरवू शकतं.

मग करायचं काय

दांडीवर सगळ्यात जास्त चालतं ते त्याच दिवशी घरी कळणं. महिन्याने पाठवलेल्या पत्राचा उपयोग नाही. पहिल्या तासानंतर गेलेल्या फोनचा आहे. दांडीबद्दल आठवडाभर शाळेत येऊ न देणं ही शिक्षा तर मला कधी कळलीच नाही, पोराला हवं होतं तेच आपण शाळेच्या शिक्क्यानिशी देतो. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, हेही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये स्पष्ट आहे. आणि दांडीच्या मुळाशी बऱ्याचदा न समजणारा वर्ग असतो. ज्याला अपूर्णांकांची बेरीज जमत नाही त्याला नववीच्या बीजगणिताच्या तासाला रोज बसवून ठेवलं, तर तो खिडकीबाहेर बघणारच. त्याला मागचं शिकवल्याशिवाय नुसती पाळत ठेवून काही साधत नाही.

धास्तीचं उलट. शाळेत लवकरात लवकर परत न्यायचं, पण पायरीपायरीने. पहिल्या दिवशी गेटपर्यंत. मग आवडत्या बाईंचा एकच तास. मग मधल्या सुट्टीपर्यंत. सोडायला जाणारं माणूस ठरलेलं, गेटवर हाताला धरून आत नेणारं माणूस ठरलेलं, आणि निरोप अर्ध्या मिनिटाचा. आईने गेटवर वीस मिनिटं समजूत काढली की दोघींचीही भीती वाढते. आईनेच सोडायला जायला हवं असंही नाही. बऱ्याच घरी आजोबांना किंवा मावशीला हे काम जास्त जमतं. घरी राहिलंच मूल, तर शाळेच्या वेळात टीव्ही आणि मोबाइल बंद. शिक्षा म्हणून नव्हे, घर शाळेपेक्षा फार रंजक होऊ नये एवढ्यासाठी. शिक्षकांना एकच विनंती: मूल परत आलं त्या दिवशी "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" हा विनोद करू नका. त्या एका वाक्याने आठवड्याची मेहनत पाण्यात जाते. दोन आठवडे काहीच हलत नसेल तर बालमानसोपचारतज्ज्ञ गाठावा. जवळपास कुणी नसेल तर 14416 या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

या दोन्हींत न बसणारी तिसरीही गैरहजेरी आहे, ती मुलाची नसतेच. दिवाळीनंतर बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात तेव्हा मूल कोप्यावर (तोडीच्या जागच्या झोपडीवर) जातं, धाकट्या भावंडाला सांभाळतं. त्याला समुपदेशनाची नव्हे, गावातल्या हंगामी वसतिगृहाची गरज असते.

आता राहिलं मेडिकल सर्टिफिकेट. दहावीला उपस्थिती कमी पडली की पालक फॅमिली डॉक्टरांकडून विषाणूजन्य तापाचं पत्र आणतात. दांडी असेल तर ते सरळ खोटं आहे आणि मुलालाही ते कळतं. धास्ती असेल तर तापाच्या पत्रामुळे शाळेला खरं कारण कधी समजतच नाही, आणि गेटवर कुणी उभं राहत नाही. डॉक्टरांना जे आहे तेच लिहायला सांगा. मनाचा आजार हेही वैद्यकीय कारणच आहे. ते पत्र मुख्याध्यापकांच्या हातात बंद पाकिटात द्या, वर्गात मुलाकरवी पाठवू नका.